फरक स्पष्ट करा: नंबॅट आणि कळलावी

पहाटे साडेचारला फोन वाजला की आमच्या घरात दोनच शक्यता असतात. कोणीतरी गेलं, नाहीतर पर्थहून गृहपाठ आला. कोणी गेलं असेल तर पुढचं सगळं ठरलेलं असतं. भावकीला कळवायचं, लाकडं सांगायची, चहाचं मोठं पातेलं काढायचं. गृहपाठाला भावकी उपयोगी पडत नाही.

पर्थचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथे सकाळी सातला डबा भरता भरता मुलाला अभ्यास आठवतो, तेव्हा आमच्या आचऱ्यात कोंबडाही अजून आरवू की नको या विचारात असतो. हा मुलगा म्हणजे माझ्या पुतण्याचा थोरला. वय वर्षं दहा. मराठी चांगलं बोलतो, पण सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या गावात मुद्द्यावर येण्याआधी पाऊस, आंबा आणि एसटी यांवर बोलायची रीत आहे, ती त्याला ठाऊक नाही.

"आजोबा, तुमच्या गावात विष आहे?"

"भरपूर. कोणासाठी हवंय?"

"होमवर्कसाठी."

गृहपाठ असा होता: तुम्ही राहता तिथला एक दुर्मीळ शिशुधान प्राणी घ्या, तुमचे आजी-आजोबा राहतात तिथलं एक विषारी फुलझाड घ्या, आणि दोघांची तुलना करा. पाच साम्यं, पाच फरक, सोबत छायाचित्र. सोमवारी द्यायचं.

आमच्या वेळीही 'फरक स्पष्ट करा' होतं. पण त्या दोघांत निदान काही नातं असे. धातू आणि अधातू. खरीप आणि रब्बी. एका वर्गात शेजारी शेजारी बसवता येतील अशी ती मंडळी. इथे एका बाकावर जनावर आणि एका बाकावर कुंपणातली वेल! पण तक्रार करायचा मला हक्क नव्हता. लहानपणापासून माझी तुलना मुंबईच्या ज्या चुलतभावाशी होत आली, त्याच्यात आणि माझ्यात याहून फार जास्त साम्य नव्हतं. आपल्याकडे तुलना हा गृहपाठ नाहीच, तो गृहउद्योग आहे.

प्राणी त्याने निवडून ठेवला होता. नंबॅट. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा हा राज्यप्राणी, 1973 पासून. रानात आता फार थोडे उरलेत. आकाराने आपल्या खारीपेक्षा थोराड, पाठीवर पांढरे पट्टे, शेपूट बाटली धुवायच्या ब्रशासारखी. शिशुधान म्हणजे कांगारूच्या कुळातला, पोटावरच्या पिशवीत पोर वाढवणारा. पण गंमत अशी की नंबॅटच्या मादीला पिशवीच नसते. चार पिल्लं आईच्या पोटावरच्या आचळांना लोंबकळून मोठी होतात, गर्दीच्या एसटीत दांड्याला लोंबकळावं तशी. पिशवीवाल्यांच्या कुळात जन्मून पिशवी नाही, म्हणजे आचऱ्यात जन्मून मासे न खाण्यापैकीच.

एवढ्यात ही उठून आली.

"कोण गेलो?"

"कोण नाय. नातवाक नंबॅट होयो."

"तो काय खाता?"

"वाळवी. दिसाक वीस हजार."

हिची झोप उडाली. आमच्या माळ्यावरची वाळवी ही आमच्या संसाराची तिसरी पिढी आहे. तिने माझ्या वडिलांचे जमिनीचे कागद खाल्ले, माझी प्रशस्तिपत्रकं खाल्ली, आणि हिच्या माहेरचं कपाट आतून असं पोखरलं की ते केवळ आब राखून उभं आहे.

"मगे एक जोडी धाडून दे म्हणा," ही म्हणाली. "आमच्या माळ्यार सुखान नांदात."

म्हणजे तुलना सुरू होण्याआधीच एक मत नंबॅटला पडलं होतं. आता गावाची लाज राखायची जबाबदारी विषावर होती.

रामेश्वराच्या गावात विषाची अपूर्वाई नाही. देव स्वतःच हलाहल पिऊन बसलेला. त्याला धोतरा वाहतात, कण्हेर वाहतात, दोन्ही विषारी. पण परदेशात पाठवायचं तर ऐटदार काहीतरी हवं, म्हणून मी कळलावी ठरवली. श्रावण-भाद्रपदात गडग्यांवर चढणारी वेल. पानाच्या टोकाचाच तणावा होतो आणि तो जे सापडेल त्याला धरतो. फुलाच्या पाकळ्या वर वळलेल्या, कडा नागमोडी. आधी हिरवट पिवळ्या, मग केशरी, मग लालभडक. कोणी अग्निशिखा म्हणतं, कोणी वाघनखी, कोणी खड्यानाग. जमिनीखालच्या कंदाचा आकार नांगरासारखा, म्हणून आयुर्वेदात लांगली. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून पूर्वी वापरायचे, म्हणून कळलावी. जिच्या कंदात कॉल्चिसीन नावाचं इतकं जालीम विष आहे की करांदा समजून कोणी खाल्ला तर आटोपलंच, त्याच कॉल्चिसीनची अगदी मोजून दिलेली मात्रा सांधेदुखीच्या एका जातीवर औषध म्हणून डॉक्टर देतात. ती झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल आहे, तामिळनाडूचं राज्यफूल आहे. 1947 साली इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथना एकविसाव्या वाढदिवसाला दक्षिण ऱ्होडेशियातल्या मुलांनी याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच दिला होता. आमच्या गडग्यावर ती फुकट. त्यामुळेच तिला किंमत नाही.

आता फोटो. एरवी जिथे तिथे दिसणारी कळलावी, गरज पडल्याबरोबर पाहुणे आल्यावर पळणाऱ्या कोंबडीसारखी गायब झाली. तीन दिवस पाऊस कोसळत होता. चौथ्या दिवशी उघडीप मिळाली तसा छत्री, मोबाईल आणि हातात काठी घेऊन मी बाहेर पडलो. सुरुवात तिठ्यावरून केली, ही माझी पहिली चूक.

"कळलावी खंय गावतली रे?" मी चहावाल्याला विचारलं.

तो गाळणी हातात धरून थांबला. "कित्याक होयी? घरात सगळा बरा आसा मां?"

"बरा आसा. माका नको, नातवाक होयी."

बाकावरचे चौघे गप्प झाले. आचऱ्याच्या तिठ्यावर चार माणसं एकाच वेळी गप्प होणं ही ऐतिहासिक घटना आहे.

"नातू केवढो?" एकाने हळूच विचारलं.

"धा वर्सांचो."

एकाचा चहाचा पेला तोंडाशी जाता जाता थांबला. मी घाईघाईने शाळेचं, पर्थचं, नंबॅटचं सांगितलं. त्यामुळे संशय अधिकच बळावला, कारण खरं बोलणारा माणूस एवढं सांगत नाही. शेवटी कोपऱ्यातला एकजण कळवळून म्हणाला, "कळलावी होयी तर रानात कित्याक फिरतंस? आमच्या वाडयेत तीन आसत. चवथी माजी मावशी."

मी तिथून निघालो, पण बातमी माझ्या पुढे निघाली. मी पायी होतो, ती मोटारसायकलवर. पारवाडीत पोचेपर्यंत "आण्णा विष शोधतहत" असं होतं. जामडूलला गेलो तेव्हा तिथल्या एका सज्जनाने मला पायरीवर बसवून सांगितलं की जमिनीचे वाद आज ना उद्या मिटतात, त्यासाठी असं काही मनात आणायचं नसतं. माझा जमिनीचा वाद आहे हे मला त्याच्याकडून कळलं. हिर्लेवाडीत एका म्हातारीने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि पेलाभर सोलकढी दिली. शोधाची ही बाजू चांगली होती. मी आणखी दोन घरी विचारलं.

कळलावी अखेर सापडली ती परतताना, आमच्या घरापासून तिसऱ्या दारी, काकींच्या गडग्यावर. या काकींविषयी थोडं सांगायला हवं. काकींचं तोंड हे आमच्या वाडीचं संरक्षक दल आहे. त्यांनी ओटीवरून नुसतं "कोण रे तो?" म्हटलं की पोस्टमन पत्र फेकून पळतो. त्यांनी उद्धरली नाही अशी पिढी वाडीत विरळाच, आणि ज्यांची पिढी उद्धरायची राहिली त्यांना वाळीत टाकल्यासारखं वाटतं.

मी छत्री बंद केली, गडग्याच्या चिऱ्यावर पाय ठेवला आणि मोबाईल उंच धरला. फूल आणखी हातभर वर होतं. दुसरा पाय वर घेतला. चिरा शेवाळलेला होता. आंब्याची फांदी धरली. फांदीवर हुमल्यांचं, म्हणजे लाल मुंग्यांचं, घर होतं. हुमले हे माणसाच्या बाह्यांतून वर जातात की विजारीतून, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. त्या दिवशी दोन्ही बरोबर निघाली.

"कोण रे तो माजे नारळ काढता?"

मी गडग्यावर एका हाताने नाचत होतो, दुसऱ्या हातात मोबाईल होता. "काकी, नारळ नाय! कळलावी!"

"कोणाक म्हणतंस रे कळलावी?"

यानंतर काकी जे बोलल्या ते सगळं छापता येणार नाही. आमच्या आजोबांपासून सुरुवात करून, वाटेत वडिलांकडे थोडं थांबून, त्या माझ्यापर्यंत आल्या तेव्हा मी गडग्यावरून खाली चिखलात पोचलो होतो. आमची दोघांची वेळ बरोबर जुळली. मग मला चिखलात पाहून त्या ओटीवरून उतरल्या, पाठीवरचे हुमले पदराने झटकले, आणि शिव्या न थांबवता आत जाऊन खोबरेल तेल घेऊन आल्या.

घरी आलो तर ओसरीवर अकरा माणसं. हिला धीर द्यायला आली होती. ही मधोमध बसून त्यांना चहा देत होती.

"विष शोधूक जावक नाय," ही शांतपणे सांगत होती. "फोटो काढूक गेलेले."

"विषाचो फोटो? कोणाक दाखवूक?"

"ऑस्ट्रेलियाक."

अकरा माणसांनी माझ्याकडे पाहिलं. अंगभर चिखल, तोंडाला खोबरेल, मान सुजलेली. मी एका देशाचा प्रतिनिधी आहे यावर कोणाचा विश्वास बसण्यासारखा अवतार नव्हता.

मोबाईलमध्ये एकेचाळीस फोटो निघाले. त्यांत एकवीस आभाळाचे, बारा माझ्या अंगठ्याचे, सात चिखलाचे. उरलेल्या एकात मात्र कळलावीचं फूल असं झळकत होतं की छायाचित्रकाराने दिवसभर खपून काढावं. फक्त फुलाच्या शेजारी काकींचं रोखलेलं बोट आणि उघडं तोंड आलं होतं. तोच पर्थला पाठवला.

"आजोबा, या कोण?"

"ही विषारी बाजू."

शनिवारी व्हिडिओवर बसून आम्ही तुलना केली. साम्यं शोधताना घाम फुटेल असं वाटलं होतं, ती भराभर निघाली. एक, दोघांच्या अंगावर रंग आहेत. दोन, दोघांनाही नावं देणाऱ्यांची कमी नाही. तीन, दोघंही राजमान्य: एक राज्यप्राणी, एक राज्यफूल. चार, दोघंही आपापलं काम दिवसाउजेडी करतात. नंबॅट रात्री घोरतो आणि दिवसा हिंडतो, शिशुधान प्राण्यांत ही दुर्मीळ गोष्ट. पाचवं साम्य हिने मागून सांगितलं: "दोगांकय आमी माळ्यार ठेवूक शकनव नाय."

फरकांत मात्र चुरस झाली. नंबॅटच्या तोंडात पन्नासेक दात असतात, पण तो चावत नाही. वाळवी लांब चिकट जिभेने उचलतो आणि तशीच गिळतो. कळलावीला दात नाहीत, पण चावलेली जन्मभर लक्षात राहते. इथे मी आपल्या खवले मांजराचं नाव घुसडलं. तेही मुंग्या आणि वाळवी खाणारं, तेही दुर्मीळ, आणि त्याला तर एकही दात नाही. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात त्याची प्रतिकृती पालखीत बसवून उत्सव केलाय. पण नातू म्हणाला, ते शिशुधान नाही, बाद. भारताच्या रानात एकही शिशुधान नाही हे मला मान्य करावं लागलं. 2022च्या एप्रिलमध्ये पश्चिम बंगालात जलपाईगुडीकडच्या रस्त्यावर कांगारू सापडले खरे, पण ते चोरट्या व्यापारातून आलेले, म्हणजे पाहुणेसुद्धा नव्हेत.

मी मग हुकमाचं पान टाकलं. आचऱ्याची गावपळण. रामेश्वराचा कौल झाला की सगळं गाव गुरं, कुत्री, कोंबड्या, मांजरं घेऊन तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या घालून राहतं. घरांना कुलपं, रस्ते ओस. "तेव्हा नंबॅट असता तर आपल्याला पिशवीतून न्यावा लागला असता," मी म्हणालो, "कारण त्याला स्वतःची नाही. कळलावी मात्र गाव राखत जागेवर राहते." नातवाने हा फरक मोठ्या आनंदाने लिहून घेतला. त्याच्या वर्गात आख्खं गाव सुट्टीवर जाणारे आम्ही पहिलेच.

मग पुतण्या बोलला. तो इतका वेळ मागे भांडी घासत होता. पर्थला गेल्यापासून तो ही दोन कामं एकदम करतो, ऐकणं आणि भांडी.

"काका, तुम्ही दोघांना भांडायला लावलंय, पण इकडे नंबॅट विषारी फुलाच्याच आधाराने जगतो."

आणि त्याने सांगितलं ते असं. नंबॅटच्या मुलखात गॅस्ट्रोलोबियम नावाची झुडपं आहेत, वाटाण्याच्या कुळातली, पिवळी-केशरी सुंदर फुलं येणारी. त्यांत फ्लुओरोॲसिटेट नावाचं जहर. इंग्रजांनी नेलेली मेंढरं आणि गुरं ती खाऊन पटापट मेली. पण तिथले मूळ प्राणी हजारो पिढ्या त्याच रानात राहिलेले, त्यांच्या अंगात ते विष सोसण्याची ताकद आलेली. पुढे इंग्रजांनीच शिकारीच्या हौसेखातर युरोपातले कोल्हे आणून सोडले. कोल्ह्यांनी नंबॅट इतके खाल्ले की एकोणीसशे सत्तरच्या दशकाअखेर ड्रायअँड्रा आणि पेरप अशा दोनच रानांत ते उरले. मग तिथल्या लोकांनी तेच फुलांमधलं विष, म्हणजे कारखान्यात बनवलेलं '1080', मांसाच्या तुकड्यात घालून रानात ठेवलं. बाहेरून आलेला कोल्हा ते खातो आणि मरतो. नंबॅटला, रानातल्या इतर जुन्या रहिवाशांना, त्याचं फारसं काही होत नाही. आमिष ठेवायला लागल्यावर ड्रायअँड्रात नंबॅट पुन्हा दिसू लागले.

मी गप्प बसलो. हुमल्यांच्या चाव्यांवर तेल लावत बसलो, कारण माझ्या डोक्यात एकदम आमची वाडी उभी राहिली.

आचऱ्याचा माणूस काकींच्या बोलण्याने मरत नाही. त्याला तीन पिढ्यांची सवय आहे. सकाळी गडग्यावरून पूर्वजांचा उद्धार, दुपारी तिथूनच वाटीभर सुंगटांचं सुकं, संध्याकाळी पुन्हा उद्धार. हे सगळं पोटात रिचवून तो रात्री सुखाने झोपतो. पण चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी येतो, तो पहिल्याच दिवशी ऐकतो, "कित्या आयलंस? घर विकूक?" आणि दुसऱ्या दिवशी कोकणकन्येचं तिकीट आधीचं मिळेल का म्हणून चौकशी करतो. आम्हाला कळतच नाही काय झालं. काकींना तर अजिबात कळत नाही. त्या त्याच्यासाठी करंज्या तळत असतात. उलट गेल्या दहा वर्षांत आमच्या वाडीत एकही चोरी झाली नाही, एकही दलाल जमीन विचारत दुसऱ्यांदा आला नाही. काकी ओटीवर आहेत. कोल्हे परत जातात.

सोमवारी गृहपाठ गेला. शाळेतून शेरा आला, तो पुतण्याने मला वाचून दाखवला. बाईंना गावपळण फार आवडली. फोटो उत्तम. फक्त शेवटचा मुद्दा त्यांना कळला नाही. शेवटचा मुद्दा नातवाने स्वतः घातला होता: 'आमच्या आजोबांच्या गावात नंबॅट नाहीत, पण ज्या आजी फोटोत आहेत त्या गॅस्ट्रोलोबियम आहेत.'

मी हे काकींना सांगितलं. आधी त्यांनी नातवाच्या बापाचा उद्धार केला. मग विचारलं, "तां काय आसता? झाड?"

"फुलाचा झाड. त्याच्यामुळा रान राखला जाता."

काकी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मगे ठीक आसा," आणि नातवासाठी म्हणून खोबऱ्याच्या वड्यांचा डबा माझ्या हातात दिला. तो पर्थला कसा पोचवायचा हे मला विचारू नका. मागच्या खेपेचा डबा मी वाटेत खाल्ला, हे काकींना ठाऊक आहे आणि त्यावरून माझं दर आठवड्याला ऐकणं चालू असतं.

तेव्हा चतुर्थीला गावी येणाऱ्या मंडळींना एवढंच सांगणं. गणपतीवरच्या माटवीला बांधलेल्या कळलावीला हात लावलात तर धुवा, आणि पोरांना तोंडात घालू देऊ नका. काकींच्या बाबतीत असली काळजी घ्यायची गरज नाही. दोन दिवसांत तिकीट शोधू नका, आठ दिवस राहा. पहिले तीन दिवस जड जातात. मग पचायला लागतं.